वाडीवरची रात्र, डोळ्यातली पहाट

दांडी घट्ट धरा, गाडी कर्जतला थांबलीय आणि मागून दुसरं इंजिन जोडतायत. पुढं बोरघाटाचा चढ आहे, एकट्या इंजिनाला तो झेपायचा नाही. आला धक्का! कुणाची तरी ट्रंक तुमच्या पोटरीवर आदळली, समोरच्या आजींच्या मांडीवरचं गाठोडं खाली घरंगळलं आणि त्यातले दोन कांदे बाकाखाली गेले. ते उचलून द्या आणि उतरा. फलाटावरचा पहिला श्वास दगडी कोळशाच्या धुराचा, दुसरा भिजलेल्या मातीचा.

मृग लागलाय. दुपारी एक सर पडून गेली आणि जमीन अजून वाफ सोडतेय. सदरा पाठीला चिकटलाय. हमाल एकमेकांवर ओरडतायत, वाफ सुटली की कानठळ्या बसतायत, गर्दीत घाम, तंबाखू आणि ओल्या घोंगड्यांचा वास एकत्र झालाय. साल म्हणाल तर १९१५ च्या आसपासचं. तिकडं खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी, टाटांचं वीजघर नुकतंच सुरू झालंय. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं, चाकं फिरवतं, आणि झालेली वीज तारांवरून सत्तरेक किलोमीटर दूर मुंबईच्या गिरण्यांना जाते. इथल्या वाड्यांवर मात्र घासलेटची चिमणी, आणि तीही जेवणं होईपर्यंतच. घासलेटाला पैसे पडतात.

आपल्याला आज तीच अंधारी वाडी बघायचीय. पळसदरीच्या अंगाला निघालेली बैलगाडी स्टेशनाबाहेर उभी आहे. चढा, पेंढ्यावर बसा. गाडीवान वळून तुमच्या हातातल्या कंदिलाकडं बघतो.

“पाव्हणं, त्यो इझवा. उजेडानं वाट जाते.”

विझवा. त्याचं बरोबर आहे.

पहिली पाच मिनिटं तुम्ही आंधळेच. चाकांची करकर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि दोन्ही बाजूंच्या खाचरांतून उठणारा बेडकांचा गदारोळ, एवढंच जग. रोपांसाठी चैत्र-वैशाखात भाजलेल्या राबाची राख भिजून तिचा करपट, ओला वास येतोय. गाडीवानाला वाट दिसते, बैलांना तर दिसतेच. तुम्ही मात्र दोन्ही हातांनी साटा धरून बसलाय. धीर धरा, डोळे उघडे ठेवा, आत काम सुरू झालंय.

तुमच्या दृष्टिपटलात दोन तऱ्हेच्या प्रकाशपेशी आहेत. शंकूपेशी दिवसाच्या उजेडात रंग आणि बारकावे दाखवतात. त्या एका डोळ्यात साठेक लाख. दंडपेशी अंधुक उजेडाच्या धनी. त्या बारा कोटींच्या घरात. शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात आणि तिथंच अडतात. दंडपेशींना अर्धा तास तरी लागतो, कारण स्टेशनावरच्या दिव्यांनी त्यांच्यातलं रोडॉप्सिन नावाचं द्रव्य विटून गेलेलं असतं आणि ते पुन्हा तयार व्हावं लागतं. पुरतं तयार झालं की एकेक दंडपेशी प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देऊ शकते. त्याहून कमी उजेड नसतोच.

आणि बघा, वाट दिसायला लागली! मातीचा पट्टा फिकट झालाय. बैलांची शिंगं वर आली. डावीकडं ढाकच्या डोंगराची कातळभिंत आभाळापेक्षा काळी उभी आहे. रंग कुठंच नाही, हिरवी झाडं आणि तांबडी माती एकाच राखाडीत गेलीत. ढगांच्या फटीतला तो बारीक तारा बघा. रोखून बघाल तर नाहीसा होईल. नजर जराशी बाजूला न्या, लगेच परत येतो. नजरेच्या ऐन मध्यावर फक्त शंकूपेशी आहेत आणि त्यांना एवढ्याशा उजेडाचं काही कळत नाही. रात्री थोडं तिरकं बघायचं असतं, हे गाडीवानाला कुणी न शिकवता येतं.

समोरून टेंभा घेतलेली पोरं आली. ज्वाळा बैलांच्या तोंडावर पडली आणि चार डोळे निळसर हिरवे पेटले. घाबरू नका. बैलाच्या दृष्टिपटलामागं चकाकता पडदा असतो, निसटलेला उजेड तो परत फेकतो आणि दंडपेशींना पकडायची दुसरी संधी मिळते. तुमच्या डोळ्यात तो पडदा नाही, म्हणून पोरांना तुमचे डोळे दिसले नाहीत. तुम्हाला मात्र आता पुन्हा काहीच दिसत नाहीय. एका टेंभ्यानं अर्ध्या तासाची कमाई गेली.

वाडीवर पोचलात. वाकून आत या, दाराची चौकट ठेंगणी आहे. शेणानं सारवलेली ओटी पायाला गार लागते. आत चुलीचा धूर छपराला लागून खाली उतरतोय आणि डोळे चुरचुरतायत. चिमणीच्या उजेडात घरातली आजी पानं मांडते. तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट आणि पहिल्या पावसाबरोबर वर आलेल्या कोवळ्या टाकळ्याची भाजी. सुनेच्या पानात टाकळा जास्त पडलाय. ती पोटुशी आहे, आणि गेल्या पावसाळ्यात दिवेलागणीनंतर तिला उंबरा दिसेनासा झाला होता. रोडॉप्सिनचा प्रकाश पकडणारा भाग अ जीवनसत्त्वापासून बनतो, आणि हिरव्या पाल्यातून ते शरीराला मिळतं. आजीला यातलं नावही माहीत नाही. पाला वाढायचा हे तिला माहीत आहे, आणि आज रात्री सुनेला तेच हवंय.

आता आजीच्या हाताशी असलेल्या भाकऱ्यांच्या चवडीकडं बघा. दंडपेशीचं प्रकाश पकडणारं टोक नेमकं असंच असतं: पातळ चकत्या, हजाराच्या आसपास, एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीच्या पापुद्र्यात रोडॉप्सिन. फरक इतकाच की पेशीत ताजी भाकरी चवडीच्या तळाशी सरकवतात. सगळी चवड तेवढी वर उचलली जाते, आणि सगळ्यांत वरच्या जुन्या भाकऱ्या रोज सकाळी खाऊन टाकल्या जातात. खाणारा वरच टेकून बसलेला असतो, दृष्टिपटलामागचा काळपट रंजकपेशींचा थर. सस्तन प्राण्यात रोज साधारण दहावा हिस्सा जातो आणि तेवढाच नवा येतो. म्हणजे गाडी ओढणाऱ्या त्या बैलांचं आणि तुमचं अंधारात बघण्याचं सगळं सामान दहाएक दिवसांत बदललेलं असतं. पेशी तीच, जन्मभराची. चकत्या मात्र कालपरवाच्या.

हे इथं कुणाला सांगू नका, कळायला अजून पन्नासेक वर्षं आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड यंग उंदीर आणि बेडकांना किरणोत्सारी खुणेचं अमिनो आम्ल टोचतील. नव्या चकत्यांत ती खूण भरेल आणि दिवसागणिक तळाकडून टोकाकडं सरकताना दिसेल. हे १९६७ चं. दोन वर्षांनी यंग आणि डीन बॉक दाखवतील की टोकाशी पोचलेली खूण रंजकपेशींच्या पोटात जाते. तोवर समज असा होता की डोळा एकदा घडला की घडला. मला विचाराल तर गेल्या शतकात डोळ्याबद्दल कळलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत विलक्षण. खाणं थांबलं तर काय होतं, तेही एका जातीच्या उंदरांनी दाखवलं. एका जनुकातल्या दोषामुळं त्यांच्या रंजकपेशींना जन्मतःच हे खाता येत नाही. कचरा साचत जातो आणि काही आठवड्यांत दंडपेशी मरू लागतात. त्याच जनुकातला दोष असलेली माणसंही असतात. त्यांना आधी रात्रीचं दिसेनासं होतं.

जेवण झालं? चिमणी फुंकली बघा आजीनं. आता घरात झोप आणि बाहेर पोरं. ओहोळावर चला त्यांच्याबरोबर, पहिल्या पावसाच्या चिंबोऱ्या निघाल्यात.

चप्पल काढा. दगड शेवाळानं निसरडे झालेत, पाणी घोट्याला थंडगार लागतं. एकाच्या हातात टेंभा, त्याचा धूर तुमच्या नाकात. बाकीच्यांच्या हातांत टोपल्या. कातकरी पोर सगळ्यांत पुढं. ते दगड उलटतं, पंजा आत घालतं आणि नांग्यांच्या मागून चिंबोरी उचलतं. तुम्ही पण घाला हात. आई गं! सोडणार नाही ती, पाण्यात बुडवा हात, मग सोडेल. पोरं हसून हसून पाण्यात बसलीत.

पण तिच्या डोळ्यांकडं बघा, दांड्यांवर उभे असलेले ते दोन काळे मणी. खेकड्यांच्या डोळ्याची घडण आपल्याहून वेगळी. चकत्यांऐवजी त्यात पापुद्र्याच्या बारीक बोटांची जुडी असते आणि तीच प्रकाश पकडते. समुद्राकाठच्या खडकांवर राहणाऱ्या खेकड्यांत संशोधकांनी ही जुडी तास-तास तपासली. दिवसा ती बारीक असते. संध्याकाळ झाली की पेशी भराभर नवा पापुद्रा विणते, आणि रात्री जुडी दिवसापेक्षा कित्येक पट मोठी होते. पहाटेला तोच पापुद्रा मोडून पेशीच्या आत ओढला जातो. आपण रोज दहावा हिस्सा बदलतो, हे प्राणी जवळजवळ सगळा संसार संध्याकाळी मांडतात आणि सकाळी आवरतात. ऑस्ट्रेलियातल्या जाळं फेकून शिकार करणाऱ्या एका कोळ्यात डेव्हिड ब्लेस्ट यांनी १९७८ साली हेच पाहिलं. तो कोळी रात्री पुढच्या पायांत जाळं ताणून लोंबत राहतो आणि खालून जाणाऱ्या किड्यावर ते टाकतो. त्याच्या मोठ्या डोळ्यांतला पापुद्रा दिवस मावळताना तयार होतो आणि उजाडताना मोडला जातो. टोळाच्या डोळ्यातही ही जुडी रात्री मोठी, दिवसा लहान.

का एवढा खटाटोप? रात्री थेंब-थेंब उजेड वेचायला मोठं भांडं लागतं. दिवसा तेच भांडं उघडं ठेवलं तर उजेडाचा भडिमार सोसवत नाही, आणि ते सांभाळायला शक्तीही जाते. मला हे कारण पटतं. पण टोपलीतल्या चिंबोऱ्यांचा आता रस्सा होणार आहे, त्यामुळं त्यांच्या पहाटेची चर्चा इथंच सोडू.

परत या, ओटीवर घोंगडी अंथरलीय. पाय चिखलाचे आहेत तसेच पसरा. शेजारी डालग्याखाली कोंबड्या. त्या बिनघोर झोपल्यात, कारण उठून उपयोग नाही. कोंबडीला रात्रीचं फारसं दिसत नाही. तिचा डोळा शंकूपेशींच्या जोरावर चालतो. आणि आत्ता, या काळोखात, त्या शंकूपेशी आपली जुनी टोकं टाकतायत. यंग यांनी सरड्यात आणि पुढं कोंबडीच्या पिल्लांत हे पाहिलं: दिवसा कामाला येणाऱ्या शंकूपेशी दिवस बुडाल्यावर टोकं झाडतात. सोनमाशात दोन्ही तऱ्हा एकत्र दिसल्या, दंडपेशी सकाळी झाडतात आणि शंकूपेशी रात्री. आपापली पाळी संपली की आवरायचं, असा सुरेख नियम मांडायचा मोह होतो. मांजर तो मोडतं. त्याच्या शंकूपेशीही दंडपेशींबरोबर सकाळीच झाडतात. डालग्यातल्या कोंबडीला मात्र नियम लागू आहे, तेव्हा तिला झोपू द्या.

तुम्हीही झोपा थोडं. डास चावतील. गोठ्यातून बैलांचं रवंथ ऐकू येईल, मुताचा आणि ओल्या पेंढ्याचा वास येईल, मध्येच सर येऊन पागोळ्यांचे थेंब तोंडावर उडतील.

जात्याच्या घरघरीनं जाग येईल. अजून मिट्ट काळोख आहे, कोंबडा एकदाच आरवलाय, आणि आतल्या अंधारात आजी आणि सून समोरासमोर बसून दळतायत. पिठाचा उबदार वास ओटीपर्यंत आलाय. दळायला त्यांना दिवा लागत नाही, हातांना जातं पाठ आहे. भाताच्या कणगीमागं खसफस झाली. तो उंदीर. रात्रभर भात खाल्लाय, आता परत निघालाय. त्याच्या मागं बिळाच्या तोंडाशी जा आणि पूर्वेकडं तोंड करून बसा.

ढाकच्या माथ्यावर आभाळ राखाडी झालं. मग फिकट दुधी. बेडकांचा गदारोळ विरळ होत गेला आणि पाखरांनी सुरुवात केली. खाचरातल्या त्या बेडकाकडं बघा, डबक्याच्या काठावर अर्धा बाहेर. त्याच्या डोळ्यात उजेड शिरला आणि दंडपेशींच्या टोकांचे तुकडे गळायला लागले. १९७६ साली बेडकावरच्या प्रयोगांत दिसलं की त्याला उजेडाचा इशाराच लागतो. आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकात पुढं कळलं की त्या उजेडाआधी अंधारही मिळालेला असावा लागतो, आणि नव्या चकत्या बनायचा वेगही उजेडानं वाढतो. रात्र आणि सकाळ दोन्ही मिळाल्या तर त्याचं काम नीट होतं.

आणि उंदीर? तो केव्हाच बिळात गेला. पहाट त्यानं पाहिलीच नाही. तरीही आत्ता, याच घटकेला, त्याच्या डोळ्यात दंडपेशी आपली टोकं टाकतायत आणि रंजकपेशी ती गिळतायत. मॅथ्यू लव्हेल यांनी त्याच १९७६ सालात उंदरांना बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा पाळीत वाढवलं. उजेड झाल्यावर थोड्याच वेळात टोकं गळण्याची एकच लाट उसळते, आणि मग दिवसभर फारसं काही नाही. नंतर त्यांनी उंदरांना सलग अंधारात ठेवलं. दिवा लागलाच नाही, आणि लाट तरीही रोजच्या वेळेला आली. म्हणजे आत घड्याळ आहे. असं घड्याळ खुद्द दृष्टिपटलातच असू शकतं हे जियान्लुका तोसिनी आणि मायकेल मेनाकर यांनी १९९६ साली दाखवलं. हॅमस्टरचं दृष्टिपटल काढून बशीत जिवंत ठेवलं, आणि ते तिथंही दिवसरात्रीच्या तालात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक बनवत राहिलं. मेंदूतलं घड्याळ वेगळं, डोळ्याचं स्वतःचं वेगळं.

ही सकाळची लाट हवीच का, दिवसभर थोडंथोडं खाल्लं तर? २००४ साली अशा उंदरांचा अभ्यास झाला ज्यांच्यातला एक रेणू काढून टाकला होता. त्यांच्या रंजकपेशी खात होत्या, पण वेळेचा ताल गेला होता. म्हातारपणी त्यांच्या रंजकपेशींत कचरा साठला आणि नजर गेली. खाणं पुरेसं होतं, वेळ चुकली होती.

उजाडलं. सून बाहेर आली, अंगणात सडा टाकतेय, थेंब तुमच्या पायावर. चहा मिळणार नाही, गूळ आणि पाणी घ्या. गाडीवान बैल सोडून नांगराला जुंपायला निघालाय, तेव्हा पुढची वाट पायी. खोपोलीकडं चला.

वाट चिखलाची आहे, पण तासा-दोन तासांनी घाटावरून उतरलेले ते जाडजूड लोखंडी नळ दिसतील. जवळ जाल तशी पायाखालची जमीन थरथरते. आत चाकांची घुमी घरघर, तापलेल्या तेलाचा वास, ओझोनची झणझण. आणि भर दिवसा छताला पेटलेले दिवे. रात्रीही ते असेच पेटलेले होते. वाडीवर चिमणी फुंकली तेव्हाही, तुम्ही चिंबोरीकडून बोट चावून घेतलंत तेव्हाही. आसपासच्या मुलखाला हे नवीन आहे, संध्याकाळ न होणारी जागा.

अशा जागी डोळ्याचं काय होतं हेही पुढं तपासलं जाईल. वर्नर नोएल १९६६ साली दाखवतील की पांढऱ्या उंदरांना सतत उजेडात ठेवलं तर त्यांच्या प्रकाशपेशी मरतात. त्यात उजेडही त्यांना जाळणारा नव्हता, साध्या दिव्यांचा होता. जॉन पेन आणि थिओडोर विल्यम्स १९८६ साली वेगळंच पाहतील. भरपूर उजेडाच्या पाळीत वाढलेल्या उंदरांच्या दंडपेशींची टोकं आखूड आणि रोडॉप्सिन कमी. मंद उजेडात वाढलेल्यांची टोकं लांब आणि रोडॉप्सिन जास्त. दोघांनी दिवसाकाठी पकडलेला प्रकाश मात्र जवळपास सारखा. डोळा आपल्या चवडीची उंची बाहेरच्या उजेडावरून ठरवतो, रोज थोडी.

दारातून रात्रपाळीचा एक कामगार बाहेर आला. सदऱ्यावर तेलाचे डाग, डोळे तांबारलेले. सकाळच्या उन्हात तो क्षणभर थांबला, कपाळावर हात आडवा धरला. तो आता जवळच्या चाळीत जाईल, दाराला गोणपाट लावेल आणि झोपेल. प्रयोगशाळेतल्या उंदरांची उजेड-अंधाराची पाळी उलटी केली तर त्यांच्या डोळ्यातली लाट लगेच हलत नाही. पहिल्या दिवशी ती जुन्याच वेळेच्या आसपास येते, मग रोज थोडी सरकत काही दिवसांनी नव्या पहाटेशी जुळते. या कामगाराची पाळी नुकतीच बदलली असेल, तर दाराला गोणपाट लावून झाल्यावरही त्याच्या देहातली घड्याळं अजून गेल्या पाळीच्याच वेळा धरून चालली असतील.